मिशनरी दौऱ्यांचे वृत्तांत आणि त्यांतील अनामिक सोबती
(दारव्हा परिसरातील अभ्यासकांसाठी एक टिपण)

दारव्हा तालुक्याच्या सामाजिक इतिहासाची साधने जमवू पाहणाऱ्या अभ्यासकाला इंग्रजी अमदानीतील तीन प्रकारचे प्रवासी वारंवार भेटतात. एक जमाबंदीसाठी फिरणारा अंमलदार, दुसरा कापसाच्या खरेदीसाठी फिरणारा दलाल आणि तिसरा धर्मप्रचारासाठी फिरणारा परदेशी मिशनरी. अंमलदाराचे कागद सरकारी दप्तरात गेले. दलालाच्या चोपड्या त्याच्या पेढीबरोबर बहुधा नष्ट झाल्या. मिशनऱ्याचे लिखाण मात्र त्याच्या मायदेशी छापले गेले, वाचले गेले आणि जपूनही ठेवले गेले. परिणाम असा झाला की आपल्या खेड्यांविषयी, आठवडी बाजारांविषयी आणि साथींविषयी काही माहिती आज बोरी किंवा लाडखेड येथे न मिळता अमेरिकेतील एखाद्या ग्रंथसंग्रहात मिळते. साधनांची ही वाटणी विचित्र असली तरी ती मान्य करूनच पुढे जावे लागते.

प्रस्तुत टिपणाचा विषय मिशनऱ्यांच्या धर्ममतांचा नाही, त्यांच्या कार्याच्या यशापयशाचाही नाही. मिशनऱ्याच्या आयुष्यातील 'दौरा' नावाचा जो ठरावीक काळ असे, बहुधा महिना-पंधरा दिवसांचा, त्याचे वृत्तांत इतिहासाचे साधन म्हणून कसे वाचावेत, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. या वृत्तांतांत जो लिहितो तो एक असतो आणि ज्यांच्या आधाराने तो फिरतो, जेवतो, बोलतो आणि प्रसंगी मरतो, ते दुसरेच असतात. या दुसऱ्यांची नावे बहुतेक वेळा कागदावर उतरत नाहीत. आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास केवळ इंग्रजी अहवालांवरून लिहिण्याचा मोह आपणांपैकी काहींना होतो. त्या मोहाचे फळ म्हणजे हीच अनामिकता पुन्हा एकदा, आणि या वेळी आपल्याच हातून, पक्की करणे होय.

प्रथम दौऱ्याचे स्वरूप. वऱ्हाडातील काळी जमीन पावसाळ्यात गाडीचे चाक धरून ठेवते. अडाण आणि अरुणावती यांच्या खोऱ्यांतील वाटा पक्क्या सडका होईपर्यंत आषाढापासून आश्विनापर्यंत जवळजवळ बंदच असत. त्यामुळे जमाबंदीचा साहेब असो की मिशनरी, दोघांचाही हिंडण्याचा मोसम दिवाळीनंतर सुरू होई आणि उन्हाचा कडाका वाढला की संपे. याच दिवसांत कापसाची वेचणी चाले, ज्वारीची कापणी-मळणी होई आणि दिवसा गावात म्हातारी माणसे व मुले यांखेरीज फारसे कोणी नसे. म्हणून मिशनऱ्याचे बोलणे सकाळी फार लवकर किंवा दिवेलागणीनंतर होई. मधला वेळ आठवडी बाजाराच्या गावी जाई. बैलगाडी, राहुटी, पाण्याची भांडी, पुस्तकांची पेटी आणि औषधांची पेटी एवढा सरंजाम असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची आगगाडी दारव्ह्यावरून धावू लागली, तेव्हा या सरंजामाचा एक भाग गाडीने पुढे पाठविणे शक्य झाले. ती गाडी, आपली 'शकुंतला', आता थांबली आहे.

या भागात काम करणारी प्रमुख मंडळी म्हणजे अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट मंडळी. तिचे पहिले मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड व त्यांच्या पत्नी फीबी वॉर्ड हे १८८१ च्या आरंभी मुंबईस उतरले आणि बऱ्हाणपुराकडे गेले. पुढे या मंडळीच्या कार्याचे केंद्र यवतमाळ झाले. जिल्ह्याचे नाव तेव्हा अद्याप वणी असे होते. ते यवतमाळ झाले १९०५ मध्ये. वॉर्ड पतिपत्नींनी आपल्या अनुभवांचे जे पुस्तक १९०८ साली प्रसिद्ध केले त्याच्या इंग्रजी नावातही त्यांनी 'भरतखंड' हा शब्द तसाच ठेवला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. उमरीचे रुग्णालय आणि १९५३ साली यवतमाळात निघालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी (जी १९८३ मध्ये पुण्यास गेली) ही त्यानंतरची प्रकरणे आपल्या परिचयाची आहेत.

तथापि दौऱ्याचे वृत्तांत कसे वाचावेत याचा वस्तुपाठ घ्यावयाचा तर आपल्या जिल्ह्याबाहेर आणि सुमारे अर्धशतक मागे जाणे सोयीचे होईल. मराठी मुलखातील अमेरिकन मिशनऱ्याचा ज्याची हकीकत तपशिलाने उपलब्ध आहे असा एक आरंभीचा दौरा म्हणजे गॉर्डन हॉल यांचा १८२६ च्या मार्च महिन्यातील नाशिकचा दौरा. तोच त्यांचा अखेरचा ठरला. पुढे वऱ्हाडात आलेल्या प्रत्येक अमेरिकन मिशनऱ्याने ही कथा मायदेशी ऐकलेली असणार, असे मानण्यास हरकत नाही. १८३४ साली होरेशिओ बार्डवेल यांनी लिहिलेले हॉल यांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि ही कथा त्या मंडळींच्या घराघरात गेली.

हॉल यांचा जन्म १७८४ साली मॅसॅच्युसेट्समधील टॉलंड या गावी झाला. १८१२ च्या फेब्रुवारीत सेलम येथे ज्या पाच तरुणांना दीक्षा देऊन पूर्वेकडे पाठविण्यात आले त्यांपैकी ते एक. कलकत्त्यास कंपनी सरकारने त्यांना राहू दिले नाही. तेथून निसटून हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. येथेही हद्दपारीचा हुकूम त्यांच्या मागोमाग आला होता. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांची सहानुभूती आणि विलायतेत त्याच वर्षी मंजूर झालेला नवा सनदी कायदा यांमुळे ते टिकले. हॉल यांनी मराठी शिकून रस्त्यांवर, देवळांजवळ, बाजारात बोलण्यास सुरुवात केली. शाळा काढल्या, छापखाना घातला आणि नव्या कराराच्या मराठी भाषांतराचे काम सहकाऱ्यांसह चालविले. याच मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली, हे शिक्षणाच्या इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहेच. मात्र बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या या सर्व वर्षांत बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. पहिला बाप्तिस्मा १८१९ चा, तोही कादर यार खान नावाच्या हैदराबादकडील मुसलमान गृहस्थाचा. या गोष्टीकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

१८२६ च्या आरंभी हॉल जवळजवळ एकटे पडले होते. सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेले. १८२४ आणि १८२५ या लागोपाठच्या वर्षांत आणखी दोन सहकारी मृत्यू पावले. प्रकृतीच्या कारणास्तव पत्नी व दोन मुलगे यांना १८२५ मध्येच अमेरिकेस पाठवावे लागले होते, आणि त्यांपैकी एक मुलगा प्रवासात दगावला. शिडाच्या जहाजाने पत्र पोहोचण्यास चार-पाच महिने लागत; म्हणजे या कुटुंबातील माणसे परस्परांची बातमी जेव्हा वाचीत तेव्हा ती फार जुनी झालेली असे. चरित्रकाराने यावर पुष्कळ भावपूर्ण मजकूर लिहिला आहे. आपल्या दृष्टीने त्याचे महत्त्व एवढेच, की या दौऱ्यावर हॉल यांच्यासोबत त्यांच्या बरोबरीचा एकही गोरा सहकारी नव्हता. बरोबर होते ते दोन मुलगे. वृत्तांताच्या शब्दांत, दोन ख्रिस्ती मुलगे.

२ मार्च रोजी ते मुंबईहून खाडी ओलांडून मुख्य भूमीवर आले आणि गावोगाव बोलत, पुस्तके वाटत नाशिकास पोहोचले. नाशिकात पटकीचा कहर चालला होता. आदल्याच दिवशी दोनशेंहून अधिक माणसे मेली असे त्यांना कळल्याचे वृत्तांत सांगतो. हा आकडा ऐकीव आहे हे उघड आहे. साथीच्या गावात पाहुण्याला सांगितला जाणारा आकडा नेहमीच थोडा फुगलेला असतो. पण साथीची तीव्रता त्यावरून कळते. १८१७ मध्ये जेसोर येथे उसळलेली ही साथ पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिरली होती आणि नंतरच्या वर्षांत यात्रेच्या गावी पुनःपुन्हा उलटत होती. फाल्गुन-चैत्रात नद्यांचे पात्र आटते, डोहात साचलेले पाणीच तीर्थ म्हणून आणि पिण्यासाठी वापरले जाते, ही परिस्थिती रोगाच्या प्रसाराला किती अनुकूल होती हे आज आपणांस समजते. रोगाचा जंतू कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यास ओळखला. त्यापूर्वी अठ्ठावन्न वर्षे हॉल आपल्या पेटीतील औषध नाशिकात वाटीत होते आणि ते औषध, त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे कितीही सद्भावनेने दिलेले असले, तरी बहुतांशी निरुपयोगीच होते. साखर-मिठाचे पाणी हा साधा उपाय वैद्यकाला सर्वमान्य होण्यास विसाव्या शतकाची अखेरची दशके यावी लागली.

पुस्तके आणि औषधे संपत आली तेव्हा १८ मार्चला ते परत फिरले. दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा ते एका खेड्यात पोहोचले. इंग्रजी कागदांतील त्याचे नाव 'डूर्ली धापूर' असे वाचता येते. मुक्काम कोठे? तर एका देवळाच्या ओसरीवर, जमिनीवर चटई टाकून. तेथेच पटकी झालेली दोन माणसे पडली होती आणि त्यांपैकी एक मरण पावले.

चरित्रकार येथून घाईने पुढे जातो. कारण त्याला अंतकाळाकडे जावयाचे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र याच ओसरीवर थांबले पाहिजे. मूर्तिपूजा खोटी आहे असे तेरा वर्षे उघड सांगणारा माणूस देवळाच्या ओसरीवर निजतो, आणि त्याला कोणी उठवीत नाही. गावाची धर्मशाळा, परक्याचा निवारा आणि साथीत सापडलेल्या वाटसरूची अखेरची जागा, या तिन्ही गोष्टी त्या काळी देऊळच होते. परदेशी प्रवाशाने आपल्याच दृष्टीने नोंदविलेल्या या एका वाक्यात आपल्या ग्रामव्यवस्थेविषयी जेवढी माहिती आहे तेवढी त्याच्या पानभर उपदेशवजा मजकुरात नाही. आपल्या लेखी जे इतके नेहमीचे की लिहून ठेवण्याजोगे वाटत नाही, ते परदेशी माणसाच्या लेखी अनुभव असते. अशा वृत्तांतांचा खरा उपयोग मुख्यतः येथे आहे.

२० मार्चच्या पहाटे चारच्या सुमारास निघण्याची तयारी झाली आणि हॉल यांना पटकीचा झटका आला. स्वतःसाठी जे थोडे औषध शिल्लक होते तेही पोटात राहिले नाही. मरण जवळ आहे हे त्यांनी त्या दोन मुलांस सांगितले, आपले सामान काय करावे याविषयी सूचना दिल्या, भोवती जमलेल्या गावकऱ्यांशी ते बोलले आणि प्रार्थना करीत काही तासांत मरण पावले. वय बेचाळिसाच्या आत. मुलांना दफनासाठी जागा मिळविताना बरेच कष्ट पडले. अखेर जागा मिळाली आणि घोंगडीत गुंडाळून, पेटीशिवाय त्यांनी त्यांना पुरले.

गावाने ओसरी दिली आणि कबरीला जागा देताना मात्र ते कचरले, याचा अर्थ काय लावावा? मिशनरी वाङ्मयाने ही निर्दयता मानली. त्यात पूर्वग्रह आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. पटकीने मेलेल्या परक्याचा देह, ज्याची जात ठाऊक नाही आणि ज्याचे संस्कार कोणी करावयाचे हे ठाऊक नाही, असा देह गावाच्या शिवारात पुरू देणे ही साथीच्या दिवसांत सोपी गोष्ट नव्हती. वाटसरूसाठी रूढी होती; परदेशी प्रेतासाठी रूढी नव्हती. गावकऱ्यांची बाजू मांडणारा कागद आपल्याजवळ नाही म्हणून मिशनऱ्यांचा निकाल अंतिम समजण्याचे कारण नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ही सारी हकीकत आपणांस कोणी सांगितली? हॉल यांनी स्वतः नव्हे. ते मुंबईस परतलेच नाहीत. मागे राहिलेल्या मिशनऱ्यांनीही पाहिलेली नाही. ते मुंबईत होते. नाशिकहून परत फिरल्यानंतरची सर्व माहिती, ओसरी, दोन आजारी माणसे, पहाटेची वेळ, अखेरची प्रार्थना, कबरीसाठी झालेली यातायात, हे सर्व त्या दोन मुलांच्या तोंडून आलेले आहे. त्यांनी मुंबईस पोहोचून सांगितले आणि इतरांनी ते इंग्रजीत लिहून अमेरिकेस पाठविले. म्हणजे अमेरिकन मिशनच्या इतिहासातील या अतिप्रसिद्ध मृत्यूचे साक्षीदार हे दोन मुलगे आहेत. आणि प्रचलित वृत्तांतांत त्यांना नावे नाहीत. ज्या खेड्यात कोणी ओळखीचे नव्हते तेथे पटकीच्या रोग्याजवळ जे राहिले, ज्यांनी जागा मागितली, खड्डा खणण्याची व्यवस्था केली आणि सुमारे शंभर मैलांची वाट तुडवून निरोप पोहोचविला, त्यांच्याविषयी चरित्रकाराची लेखणी 'दोन ख्रिस्ती मुलगे' यापुढे जात नाही.

हे मुलगे कोण असावेत, याचा तर्क करता येतो. वर सांगितल्याप्रमाणे मिशनच्या उपदेशाने बाप्तिस्मा घेतलेली एतद्देशीय माणसे या वेळी फारच थोडी होती. त्यांतील दोन मुलगे हॉल यांच्यासोबत होते असे मानणे कठीण जाते. तसे असते तर अहवालांनी त्याचा गाजावाजा केल्याशिवाय राहिले नसते. मिशनऱ्यांच्या घरी युरोपीय बाप आणि एतद्देशीय आई यांची काही मुले शिक्षणासाठी राहत असत. जन्माने ख्रिस्ती, वाणीने मराठी, आणि दोन्ही समाजांत पुरती न सामावलेली अशी ती मुले. सोबत्यांचा शोध प्रथम त्या बाजूस घ्यावा असे सुचवावेसे वाटते. हा तर्कच आहे. पण वृत्तांतात जे लिहिले नाही ते का लिहिले नाही, हा प्रश्न विचारल्याखेरीज असा तर्कही सुचत नाही.

या अनामिकतेचे कारण मिशनऱ्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा वाचकवर्गात शोधावे. दौऱ्याचा वृत्तांत न्यू इंग्लंडमधील किंवा मिशिगनमधील वर्गणीदारासाठी लिहिलेला असे. त्या वर्गणीदाराला आपण पाठविलेला माणूस ओळखीचा होता. त्याच्या गाडीवानाचे नाव कळून त्याला काही लाभ नव्हता. लेखणी ज्याच्या हाती आणि वाचक ज्याच्या ओळखीचा, त्याचे नाव राहते. याचा पडताळा उलट दिशेनेही घेता येतो. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेण्यापूर्वी सुमारे दोन वर्षे नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने चालले असता डब्यात एका गोऱ्या गृहस्थाची गाठ पडली. संभाषण झाले, त्याने टिळकांना बायबल दिले. मराठी वाचकांच्या स्मरणात हा प्रसंग राहिला तो टिळकांच्या बाजूने, आणि त्यात नाव-गाव नसलेला माणूस आहे तो गोरा सहप्रवासी. तो गृहस्थ म्हणजे वर उल्लेखिलेले अर्नेस्ट वॉर्ड, असे टिळकांच्या चरित्रांतून सांगितले जाते. यवतमाळच्या मिशनचा मराठी साहित्याशी आलेला हा संबंध आपल्या जिल्ह्यात फारसा कोणाला ठाऊक नाही. लेखणी मराठी माणसाच्या हाती आली तेव्हा अनामिक कोण झाला, हे पाहण्यासारखे आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आणखी निराळे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात हिंडल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया यांना त्यांनी आश्रय दिला. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगावच्या शेतावर राहुट्यांत ठेवावे लागले. रमाबाईंच्या या प्रवासवर्णनात मदतकेंद्रांतील स्त्रियांच्या अवस्थेचे जे निरीक्षण आहे ते परदेशी मिशनऱ्याच्या लेखणीतून क्वचितच उतरते. कारण स्पष्ट आहे. १८७४ नंतरच्या दुष्काळी वर्षांत वडील अनंतशास्त्री, आई आणि बहीण यांचे मृत्यू त्यांनी पाहिले होते आणि भावाबरोबर अन्नाविना पायी भटकंती केली होती. त्या पाहणाऱ्या होत्या आणि पाहिल्या गेलेल्याही होत्या. अशी साधने थोडी असतात. म्हणून त्यांच्या मापाने इतर वृत्तांतांना तोलणे अन्यायाचे होईल, पण इतर वृत्तांतांत काय सुटले आहे हे त्यांच्यावरून कळते.

अहमदनगरकडे एतद्देशीय सोबत्याचे स्थान काही काळाने बदलले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाची पद्धत ख्रिस्ती प्रचारात आणल्यावर गावकरी ऐकावयास जमत ते कीर्तनकाराला, साहेबाला नव्हे. वऱ्हाडात या बदलाचा तपास अद्याप व्हावयाचा आहे.

तो तपास दारव्हा, दिग्रस, पुसद या बाजूस करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने इंग्रजी अहवाल अवश्य पाहावेत, पण ते शेवटी पाहावेत. प्रथम मंडळ्यांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या पाहाव्यात. त्या मराठीत आहेत आणि त्यांत माणसांना नावे आहेत. विवाहाच्या नोंदीखाली साक्षीदारांच्या सह्या असतात. त्यांत गावोगाव फिरणाऱ्या प्रचारकाची सही एकाच महिन्यात चार वेगवेगळ्या गावी सापडली तर त्या महिन्याचा दौरा साहेबाच्या पत्राशिवायही पुन्हा मांडता येतो. मिशनच्या शाळांतील मास्तरांची हजेरी आणि वेतनपत्रके हे दुसरे साधन. बायबल शिकविणाऱ्या स्त्रियांना, ज्यांना ख्रिस्ती समाजात 'बायबलबाई' म्हणत, महिना किती रुपये मिळत, त्या कोणत्या गावच्या, विधवा होत्या काय, हे प्रश्न तेथेच सुटतील. बंजारा तांड्यांवर जाणाऱ्या प्रचारकाला गोरमाटी बोली येत होती काय, की मध्ये तिसरा माणूस बोलत असे, याचे उत्तर कोणत्याही अहवालात मिळणे कठीण. ते वृद्धांच्या तोंडून मिळाले तरच मिळेल. यांपैकी काही वह्या कपाटांत वाळवीच्या तोंडी आहेत आणि ज्यांना जुन्या माणसांची नावे ठाऊक आहेत ते स्वतः ऐंशीच्या पुढे गेलेले आहेत. दफनाच्या वहीपासून सुरुवात करावी. तीत वय, गाव आणि मृत्यूचे कारण यांचे रकाने असतात, आणि साथीच्या वर्षांत एकाच हस्ताक्षरात लागोपाठ भरलेली पाने आढळली तर ते हस्ताक्षर कोणाचे, हे विचारून घ्यावे.